डिंगीचं पेट्रोल मोठ्या बोटीवर ठेवताना

डिझेल इंजिनाच्या शिडाच्या बोटीवर पेट्रोल हा आगंतुक पाहुणा असतो. बोट बांधणाऱ्याने डिझेलची टाकी बसवलेली असते, स्वयंपाकाच्या गॅससाठी वेगळा कप्पा दिलेला असतो, पण डिंगीच्या (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीच्या) आउटबोर्डला, म्हणजे मागे अडकवायच्या सुट्या इंजिनाला, लागणाऱ्या दहा-वीस लिटर पेट्रोलचा विचार बहुतेक बोटींच्या आराखड्यात केलेला नसतो. मग कॅन मावेल तिथे जातो, आणि मावतो तो नेमका कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या, बाकाखालच्या लॉकरमध्ये. केबिनमध्ये आणून ठेवण्याच्या खालोखाल वाईट अशी ही जागा. ती वाईट का, हे एकदा नीट कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

उदाहरणासाठी नेहमीची जोडी धरू: ३६ ते ४० फुटांची डिझेल इंजिनाची शिडाची बोट, तिच्यामागे तीन मीटरची फुगवायची डिंगी, डिंगीवर ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड आणि १२ लिटरची सुटी टाकी.

चहाच्या कपाएवढं पेट्रोल

डिझेल सांडलं तर घाण होते, वास येतो, पाय घसरतो. पेट्रोलचं तसं नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडच्या उन्हात ते सतत उडतच असतं. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड. ती वर जाऊन विरत नाही, पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि सर्वांत खोल जागी साचते. बोटीत ती जागा म्हणजे बिल्ज. तिथून ती आपोआप बाहेर पडायला वाट नसते.

हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण १.४ टक्के झालं की ठिणगी पुरते, ७.६ टक्क्यांच्या वर गेलं की हवा कमी पडून पेटत नाही. आता हिशेब करा. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर साधारण २०० लिटर वाफ होते. चहाच्या कपाएवढं, १५० मिली सांडलं तर ३० लिटर. १.४ टक्क्याने भागलं की दोन घनमीटरांहून जास्त हवा स्फोटक झाली. या आकाराच्या बोटीतला इंजिनाचा कप्पा जेमतेम एवढाच असतो. अख्खा कॅन फुटायची गरज नाही. झाकणाचा वायसर सुकलेला आणि कॅन आडवा पडलेला, एवढं बस्स.

दुसरी बाजू ठिणगीची. ज्या बोटींचं मुख्य इंजिनच पेट्रोलचं असतं, त्यांच्या इंजिनाच्या कप्प्यातले स्टार्टर, अल्टरनेटर, पंप, स्विच हे ठिणगी बाहेर न पडू देणाऱ्या बनावटीचे असावे लागतात, आणि इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवून वाफ बाहेर काढायची पद्धत असते. डिझेल बोटीला यातलं काहीच लागत नाही, म्हणून ते बसवलेलंही नसतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर रात्रभर आपोआप सुरू-बंद होतो. पाण्याचा प्रेशर पंप नळ उघडताच चालू होतो. थोडक्यात, पेट्रोलच्या बोटीपेक्षा डिझेल बोटीत शिरलेलं पेट्रोल जास्त घातक.

यातून एकच कसोटी निघते. कॅन फुटला, झाकण गळलं, कुणी उघडं ठेवलं, तरी ओघळ आणि वाफ दोन्ही माणसाने हात न लावता समुद्रात गेली पाहिजेत. प्रत्येक जागा याच कसोटीवर तपासा.

कॉकपिटचा लॉकर का नको

लॉकर वरून उघडतो, बाहेर आहे असं वाटतं. आत वाकून टॉर्च मारली की चित्र बदलतं. मागच्या भिंतीला सुकाणूच्या केबलसाठी भोक, खाली एक्झॉस्टचा जाड पाइप इंजिनाच्या कप्प्यातून आलेला, त्याच्याभोवती दोन बोटं जाईल एवढी फट. कोपऱ्यात कुणीतरी नंतर ओढलेल्या सोलरच्या वायरी. काही बोटींवर बॅटरीसुद्धा याच लॉकरच्या तळाला. वरून बंद, खालून उघडा, असा हा डबा असतो.

आपला लॉकर कसा आहे ते पाहायची सोपी रीत: रात्री त्यात चालू टॉर्च ठेवा, झाकण लावा, केबिनमधले सगळे दिवे घालवा आणि इंजिनाच्या कप्प्यात डोकावून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून वाफ येईल. दुसरी परीक्षा पाण्याची: बादलीभर पाणी लॉकरमध्ये ओता. सगळं बोटीबाहेर पडलं आणि बिल्ज कोरडं राहिलं तर तळ ठीक. दोन्ही परीक्षांत पास होणारा कॉकपिट लॉकर क्वचितच सापडतो.

गॅसच्या सिलिंडरचा कप्पा मात्र पास होतो, कारण तो बांधलेलाच तसा असतो: आतून बंदिस्त, तळाला बाहेर जाणारी नळी. म्हणून अनेक जण कॅन तिथेच सरकवतात. अमेरिकन बोट मानकांनुसार गॅसच्या कप्प्यात गॅसच्या सामानाशिवाय दुसरं काही ठेवायचं नसतं, आणि त्यात तथ्य आहे. कॅन हलून रेग्युलेटरवर आदळतो, नळीच्या तोंडावर चिंधी किंवा दोरी अडकते, आणि मग दोन्ही इंधनं एकाच तुंबलेल्या डब्यात. गॅसच्या कप्प्याची नक्कल करून पेट्रोलसाठी वेगळा कप्पा बनवा, ते उत्तम. फायबरचा डबा, झाकणाला रबरी पट्टी, तळाच्या सर्वांत खोल बिंदूपासून किमान १३ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी. २० ठेवली तर कचऱ्याने लवकर तुंबत नाही. नळी सतत उताराची असावी, मध्ये कुठे झोळ पडला की तिथे पाणी साचून वाफेची वाट बंद. तिचं बाहेरचं तोंड बोट कलली तरी पाण्याच्या वर राहावं आणि कुठल्याही हॅचपासून (डेकवरच्या झडपेपासून), व्हेंटपासून (हवेच्या तोंडापासून), एक्झॉस्टपासून निदान अर्धा मीटर लांब असावं.

नाळेतला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकातला, नांगराच्या साखळीचा लॉकर बाहेर निचरा होणारा असतो, म्हणून तोही मोह होतो. पण तिथे साखळी धावते आणि बहुतेक बोटींवर विंडलासची (नांगर ओढणाऱ्या यंत्राची) मोटर किंवा तिचे वायर-जोड तिथेच असतात. शिवाय नांगरावर बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे पुढे सुटलेली वाफ सगळ्या हॅचेसवरून मागे येते.

मागचं रेलिंग

वेगळा कप्पा नसेल तर उरते ती बोटीच्या मागच्या टोकाची, ट्रान्समच्या (मागच्या सपाट भिंतीच्या) बाहेरच्या बाजूची रेलिंग. गळलं तर थेंब समुद्रात, वाफ वाऱ्यावर. दहा लिटरचे छोटे कॅन इथे बरे. भरलेला कॅन आठ-साडेआठ किलोचा होतो आणि एका हाताने उचलता येतो. वीस लिटरचा सोळा-सतरा किलोचा, हलत्या बोटीवर रेलिंगवरून उचलताना हमखास कशावर तरी आपटतो.

कॅन थेट पाइपला बांधू नका. पाइपच्या बाहेरच्या बाजूला दोन ठिकाणी क्लॅम्पने पक्की केलेली फळी लावा, कॅनच्या बुडाखाली छोटा कठडा द्या आणि २५ मिलिमीटरचे दोन पट्टे, एक वर, एक खाली, बकलने आवळा. गाठी नकोत. पेटलेला किंवा गळणारा कॅन एका झटक्यात सोडून पाण्यात टाकता आला पाहिजे, म्हणून जवळच म्यानात एक सुरीही ठेवा. चोरीच्या भीतीने काही जण कॅनला साखळी-कुलूप लावतात. आउटबोर्डला कुलूप जरूर लावा. कॅन गेला तर जाऊ दे.

बाजूच्या डेकवर, लाइफलाइनच्या (कडेच्या संरक्षक तारेच्या) खांबांना फळी बांधून रांगेने कॅन लावलेल्या बोटी कुठल्याही मरीनात दिसतात. डिझेल आणि पाण्यासाठी ते चालून जातं. पेट्रोलसाठी नाही: तिथून वाफ सरळ केबिनच्या उघड्या खिडक्यांत उतरते. शिवाय कललेल्या बोटीची वाऱ्याखालची बाजू पाण्यात बुडाली की लाटेचा मारा कॅनवर बसतो आणि आधी खांब वाकतो, मग कॅन जातो.

मागच्या रेलिंगची एक अडचण सांगायला हवी, कारण ती कोकण किनाऱ्यावर रोजची आहे. मोकळ्या समुद्रात किंवा खाडीच्या तोंडाशी नांगरलेली बोट वाऱ्याला तोंड देते, तेव्हा मागचं टोक वाऱ्याखाली. पण जयगड, विजयदुर्गसारख्या खाड्यांत ओहोटीचा ओढ जोरात असतो. दुपारचे खारे वारे समुद्राकडून आत येत असतात आणि ओहोटी बाहेर जात असते; ओढ वरचढ ठरली की बोट ओढीला तोंड करते आणि वारा मागून येतो. मग मागच्या रेलिंगवर उघडलेल्या कॅनची वाफ सरळ कॉकपिटमध्ये आणि तिथून जिन्याने केबिनमध्ये. तेव्हा झाकण उघडण्याआधी बोट कशी उभी आहे ते न बघता डोलकाठीवरचा वातदर्शक बघा. वारा मागून असेल तर भरती लागेपर्यंत थांबा. पहाटेचे मतलई वारे पडल्यावर आणि खारे वारे सुटण्याआधी जी मधली निवांत वेळ असते, तीही टाळा. वारा नसला की वाफ हलत नाही, सांडल्या जागीच पसरते.

मागच्याच रेलिंगवर बार्बेक्यूची शेगडी असेल तर दोघांपैकी एकाने जागा बदलायची. शेगडीने बदलावी.

दोन हलांच्या (शेजारी शेजारी जोडलेल्या दोन सांगाड्यांच्या) कॅटमरानना मागच्या पायऱ्यांजवळ बाहेर निचरा होणारे लॉकर असतात, ते चांगले. फक्त त्यांतून सुकाणूचा दांडा किंवा ऑटोपायलटची मोटर जात नाही ना, हे टॉर्चच्या परीक्षेने पाहून घ्या.

कॅन कुठला

भारतात हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार पेट्रोल ‘अ’ वर्गात येतं. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंतचं पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, पण बूच घट्ट बसणाऱ्या भांड्यात, आणि भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको. काच किंवा चिनी मातीची भांडी एक लिटरपर्यंतच. प्लॅस्टिकचा उल्लेख त्यात नाही. जेट्टीवर सर्रास दिसणारे गोडेतेलाचे पांढरे कॅन यात बसत नाहीत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते कामाचे नाहीत: भिंत पातळ, झाकण नुसतं दाबून बसणारं, दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकणारं. तेव्हा इथे पोलादी जेरीकॅन घ्या, कडी दाबून आवळायच्या झाकणाचा. खाऱ्या हवेत तो गंजतो, विशेषतः बुडाच्या शिवणीला. खाली रबराची पट्टी द्या, खरवडलेला रंग लगेच भरा. झाकणाचे दोन जादा वायसर बोटीवर हवेतच.

ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकचा कॅन १० लिटरपर्यंत आणि धातूचा २० लिटरपर्यंत चालतो. अमेरिकेत लाल प्लॅस्टिकचे कॅन सर्वत्र मिळतात. प्लॅस्टिकचं आयुष्य उन्हावर ठरतं. बुडावर घड्याळासारखा गोल शिक्का असतो, त्यातला बाण बनवल्याचा महिना दाखवतो, मधला आकडा वर्ष. धोकादायक मालाच्या वाहतुकीत प्लॅस्टिकच्या कॅनला पाच वर्षांची मुदत धरतात. उघड्या डेकवर त्याहून कमी धरा. रंग फिका पडून अंगठ्याने पांढरी भुकटी निघू लागली की कॅन संपला.

रंगाचाही घोळ लक्षात ठेवा. अमेरिकेत लाल म्हणजे पेट्रोल, पिवळा डिझेल, निळा रॉकेल. ब्रिटनमध्ये हिरवा पेट्रोल, काळा डिझेल. देशोदेशी फिरलेल्या बोटीवर सगळे रंग एकत्र नांदतात, आणि अंधारात घाईने डिझेलच्या टाकीत पेट्रोल ओतलं जातं. असं झालं तर इंजिन सुरू करू नका, टाकी पूर्ण उपसा. थोडं पेट्रोलही डिझेलला बरंच जास्त ज्वालाग्राही करतं. कॅनच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढ्या अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहा. टू-स्ट्रोकसाठी तेल मिसळलेलं असेल तर प्रमाणही लिहा: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, १००:१ म्हणजे १० मिली. तेल नसलेलं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं तर इंजिन जाम होतं.

किती ठेवायचं

वाटतं त्यापेक्षा कमी. ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला साधारण दोन लिटर पितं, अर्ध्या वेगात त्याच्या निम्मं. किनाऱ्यावर जाऊन येऊन रोज अर्धा तास धरला तरी दिवसाला एक लिटर पुरून उरतं. १२ लिटरची टाकी आणि १० लिटरचा एक कॅन म्हणजे तीन आठवडे. मुंबई ते गोव्याच्या प्रवासात एवढ्या दिवसांत कुठे ना कुठे पंप गाठता येतोच. तिसरा कॅन बहुधा फक्त जुना होत पडतो.

भरणं

पंपावर ‘फुल्ल’ म्हणू नका, लिटर सांगा. पेट्रोल अंशागणिक साधारण हजारात एक भाग फुगतं. सकाळी २६ अंशांना भरलेले २० लिटर डेकच्या उन्हात ४६ अंशांना गेले की चारशे मिलीच्या जवळपास वाढतात. वीस लिटरच्या कॅनमध्ये १८, दहाच्यात ९. वर मोकळी जागा राहिली की फुगण्याला वाव मिळतो.

कॅन रिक्षात, गाडीच्या डिकीत किंवा डिंगीत ठेवून भरू नका. खाली जमिनीवर ठेवा. डिकीतल्या गालिच्यावर किंवा प्लॅस्टिकवर कॅनला स्थिर वीज चढते आणि ती उतरायला वाट नसते. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवा, सुरुवातीला धार हळू. पंप जेट्टीपासून लांब असेल तर एसटी किंवा रेल्वेने कॅन नेण्याचा विचार सोडा. रेल्वेत तो गुन्हा आहे आणि तुरुंगाची तरतूद आहे.

कॅनमधून डिंगीच्या टाकीत ओतायचं काम शक्यतो किनाऱ्यावर, वाळूवर. बोटीवरच करायचं असेल तर टाकी मागच्या पायरीवर किंवा डेकच्या टोकावर घ्या. आधी हॅच आणि जिन्याचं दार बंद. शेगडी, फ्रिज, इन्व्हर्टर, जनरेटर बंद, आणि हे कॅन उघडण्याच्या आधी, कारण वाफ सुटल्यावर स्विच बंद करणं ही सुद्धा ठिणगीच आहे. ओतण्यापेक्षा हलवून चालू होणारा सायफन चांगला: पितळी टोकात काचेची गोळी असते, ते पेट्रोलमध्ये बुडवून चार-पाच वेळा वरखाली केलं की धार लागते. कॅन टाकीपेक्षा उंच हवा. तोंडाने ओढायचं नाही; पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, डॉक्टर गाठायचा. ओतताना भोवती शोषून घेणारं फडकं, हातात नायट्राइलचे मोजे.

पाणी अडवणारं गाळणीचं नरसाळं वापरा. त्यात मोकळं पाणी अडतं. इथेनॉलमध्ये विरघळलेलं पाणी त्यातून निघून जातं. आणि आता पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. आपल्या इंजिनाचं पुस्तक पाहा. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीची शोषनळी तळातूनच ओढते, म्हणून इंजिन पहिल्यांदा तेच पितं आणि बंद पडतं. थर वेगळा झालेलं पेट्रोल हलवून परत एक होत नाही, ते बाद. काचेच्या बरणीत थोडं काढून उजेडात धरलं की रेघ दिसते.

फुगलेला कॅन आणि सुटी टाकी

दुपारी कॅन ढेरी काढून बसतो. ते बघून झाकण थोडं सैल सोडावंसं वाटतं, तसं करू नका. सैल झाकणाचा कॅन दिवसा वाफ सोडतो आणि रात्री गार होताना दमट, खारी हवा आत ओढतो. इथेनॉलला पाणी पुरवण्याची ही सर्वांत खात्रीची युक्ती. झाकण घट्ट, कॅनवर फिक्या रंगाच्या कापडाची झूल, खालून वारा खेळता. उघडताना तोंड आपल्यापासून लांब आणि झाकण हळूहळू, थोडं थोडं. ‘फुस्स’ आवाज थांबेपर्यंत तिथेच थांबायचं.

डिंगीच्या टाकीचं गणित निराळं. अमेरिकन नियमांमुळे २०११ पासूनच्या सुट्या टाक्या ५ पीएसआय दाबापर्यंत बंद राहतात, पूर्वीसारखं आपोआप श्वास घेत नाहीत. उन्हात त्या टणक फुगतात. अशी टाकी इंजिनाला जोडलेली राहिली की दाबाने पेट्रोल पाइपातून पुढे सरकतं, कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई उचलतं आणि कव्हरच्या आत ओघळतं. डिंगीच्या तळाशी इंद्रधनुषी तवंग दिसला तर बहुधा हेच झालेलं असतं. म्हणून किनाऱ्याला लागलात की पाइप इंजिनाच्या बाजूने काढायचा. पुन्हा जोडण्याआधी टाकीचं झाकण किंवा व्हेंट हळू उघडून दाब सोडायचा, मग पाइप, मग रबरी बल्ब दाबायचा, बाण इंजिनाकडे. चालताना व्हेंट उघडा हवा. बल्ब चपटा होऊन इंजिन खोकू लागलं तर तो बंद राहिलाय. बल्बला भेगा पडल्या किंवा जोडाची रिंग फुगली की अख्खी नळी बदला, इथेनॉल रबर खातं.

आउटबोर्ड रेलिंगवर चढवण्याआधी कार्ब्युरेटरच्या इंजिनात पाइप काढून ते बंद पडेपर्यंत चालवा. छोट्या अडीच हॉर्सपॉवरच्या इंजिनांत साधारण लिटरभराची टाकी अंगातच असते. तिचा कॉक आणि झाकणावरचा व्हेंट दोन्ही बंद. अशा इंजिनाला ‘पेट्रोलचा कॅन’ समजा. प्रवासाला निघताना ते केबिनच्या मागच्या पलंगावर झोपवायची पद्धत आहे, ती मोडा. पेट्रोलवरचा छोटा जनरेटर असेल तर तोही याच हिशेबात, आणि गरम असताना त्यात कधीच पेट्रोल भरू नका. पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या.

केबिनमध्ये वास आला तर

काही चालू करू नका, काही बंदही करू नका. मुख्य बॅटरी स्विच आत असेल तर तोही नाही. मोबाइल, टॉर्च, व्हीएचएफ रेडिओ यांना हात लावू नका. जी हॅच हाताने उघडता येईल ती उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, डिंगीत बसून वल्ह्याने वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब जा; आउटबोर्ड सुरू करू नका. आपोआप चालणारा बिल्ज पंप आपल्याला विचारून सुरू होत नाही, म्हणून बोटीवर थांबून पुसत बसण्यात शहाणपण नाही. बराच वेळ वारा खेळल्यावर परत या, पण ‘आता वास येत नाही’ यावर विसंबू नका. नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं. वाफेचा डिटेक्टर बिल्जमध्ये, पाणी पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर बसवा.

डेकवर थोडं सांडलं तर फडक्याने टिपा. साबणाने धुऊन समुद्रात सोडू नका. ती फडकी लॉकरमध्ये टाकली तर सगळी मेहनत फुकट. बाहेर पिनांनी अडकवून सुकवा, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

आग लागली तर कोरड्या पावडरचं किंवा फोमचं अग्निशामक. पाणी ओतलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. अग्निशामक कॉकपिटमध्ये हाताशी हवं, कॅनजवळ नको. जळणाऱ्या कॅनशेजारून ते काढता येणार नाही.

मोसम संपताना

कॅनवर भरल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा आणि जुनं आधी वापरा. तीन महिन्यांच्या पुढचं इथेनॉलचं पेट्रोल आउटबोर्डला देऊ नका. हलका भाग उडून जातो आणि उरलेलं कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये डिंकासारखं बसतं. मे महिन्याअखेर बोट वर काढताना टाकी आणि कॅन दोन्ही रिकामे करा. साधं पेट्रोल फार जुनं नसेल तर स्कूटरमध्ये थोडं थोडं खपतं. तेल मिसळलेलं तिथे चालणार नाही; तसल्याच इंजिनाच्या होडीवाल्याला प्रमाण सांगून द्या.

रिकामा कॅन मात्र लगेच आत ठेवू नका. भरलेल्या कॅनमध्ये वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच पुरत नाही. तळाशी कपभर उरलेल्या, अर्धवट हवा शिरलेल्या कॅनमध्ये ती नेमकी पेटण्याजोगी होते. झाकण काढून, तोंड खाली करून, सावलीत उघड्यावर आठवडाभर वाळू द्या. हुंगून बघा, वायसर वेगळा काढून पिशवीत ठेवा, आणि मगच तो शेडमध्ये जाऊ द्या.